हाकेचे अंतर

अलीकडे आमच्या जालन्यात घरांच्या जाहिरातींना ऊत आला आहे. वर्तमानपत्राच्या घडीतून त्या गळून पडतात, चौफुलीवरच्या फलकांवरून आपल्याकडे पाहून हसतात, आणि त्या सर्वांत एक वाक्य हटकून असते : ‘शहरापासून अवघ्या दहा मिनिटांवर!’ हे वाक्य वाचले की माझ्यातला मराठीचा मास्तर जागा होतो. उत्तरपत्रिकांतला हरवलेला कर्ता शोधून काढण्यात माझी वीस वर्षे गेली. ती खोड आता जायची नाही. दहा मिनिटे म्हणजे कोणाची दहा मिनिटे? मोटारीत बसणाऱ्याची, फटफटीवर टांग टाकणाऱ्याची, की गुडघ्याला पट्टा बांधून, हातात पिठाचा डबा घेऊन निघालेल्या माझ्या आईची? जाहिरात याविषयी मौन पाळते. वाचणाऱ्याच्या बुडाखाली चाके आहेत, हे तिने धरूनच चाललेले असते.

जुन्या मराठीची अशी अडचण होत नसे. घर किती लांब म्हणून विचारले तर ती सांगे, ‘हाकेच्या अंतरावर.’ या मापाची मला फार गंमत वाटते. मैलाला एक दगड पुरतो. हाकेला दोन माणसे लागतात. एक हाक मारणारा आणि एक ओ देणारा. मध्ये जी काही जमीन असेल ती एका माणसाच्या आवाजाने ओलांडता येण्याजोगी असली म्हणजे झाले. आता हेही खरे, की आमच्याकडच्या खेड्यातला माणूस ‘हे काय, इथंच’ म्हणून जे अंतर दाखवतो ते चालता चालता चपलेचा अंगठा तुटतो. पण ते मापाचे नव्हे, मोजणाऱ्याच्या पायांचे सामर्थ्य.

मी ज्या वसाहतीत राहतो तिथे रोजच्या गरजेचे सारे काही खरोखरच हाकेच्या अंतरावर आहे, आणि गेले वर्षभर आमच्या घरात ती वसाहत सोडावी की न सोडावी हा वाद चालू होता. तेव्हा हा विषय माझ्यापुरता निव्वळ हौसेचा नाही.

आमच्या वसाहतीचा जन्म जिल्ह्याच्या जन्मातून झाला. १ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला. तोवर आम्ही तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यात मोडत होतो. जिल्हा झाला म्हणजे कचेऱ्या आल्या, कचेऱ्यांमागून टेबले आली, फायलींचे गठ्ठे आले आणि गठ्ठे सोडणारे कारकून आले. माझे वडील त्या गठ्ठ्यांबरोबरच आले. मी तेव्हा वर्षाचा होतो. गावाची पूर्वापार दोन अंगे : कुंडलिकेच्या अलीकडे जुना जालना, पलीकडे नवा जालना. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण पेढीवाल्यांची. कापूस, भुसार, पुढे बियाणे, नंतर लोखंडी सळया, असे ते वैभव रूप बदलत गेले. पण सरकारी कारकुनाला या पाळण्यात कुठेच जागा नव्हती. दोन्ही काठांच्या वाड्यांतून भाड्याच्या एकेका खोलीत ही मंडळी चार-पाच वर्षे राहिली. मग कारकून, मास्तर, तलाठी, एक कंपाउंडर अशा काहीजणांनी मिळून अंबड रस्त्याच्या बाजूला ज्वारीचे एक शेत घेतले, बिनशेतीचा कागद केला आणि तीस बाय चाळीसचे तुकडे पाडले.

त्या वेळी गावाबाहेर राहायला जाणे म्हणजे वनवासाला जाण्यासारखेच मानीत. नातेवाईक विचारीत, ‘तिकडं कोल्हे येतात म्हणे?’ वडील म्हणत, ‘येतात, पण ते भाडं मागत नाहीत.’

या मंडळींनी पायी चालणाऱ्यांचा काही विचार करून वसाहत आखली असे मुळीच नाही. त्यांनी फक्त नियम पाळले. नऊ मीटरचा रस्ता, आणि जागेचा दहावा हिस्सा मोकळा. परंतु पन्नास-पंचावन्न घरांत मिळून दहा-बारा सायकली आणि एक लूना एवढाच वाहनांचा पसारा होता. मग झाले असे, की माणसाला बाजारापर्यंत जाता येईना म्हणून बाजारच माणसापर्यंत आला. ज्यांचे पगारात भागत नव्हते त्यांनी घराची पुढची खोली दुकानाला दिली. कंपाउंडरच्या भावाने किराणा टाकला. कोपऱ्यावर पिठाची गिरणी आली. एका बाईंनी शिलाईचे यंत्र ओसरीवर आणून ठेवले. इस्त्रीवाला लिंबाखाली उभा राहिला तो तीस वर्षे तिथेच उभा आहे. मधल्या काळात लिंब मात्र दुप्पट झाला.

गंमत अशी, की आमच्या कारकुनांनी गरजेपोटी जे केले त्याचे शास्त्र अमेरिकेत फार आधी लिहून झाले होते. क्लॅरेन्स पेरी नावाच्या गृहस्थाने १९२९ साली न्यूयॉर्कच्या आराखड्यासाठी वस्ती कशी असावी याचा एक नमुना मांडला. मधोमध शाळा, कोणत्याही घरापासून ती पाव मैलापलीकडे असू नये, मोठा रस्ता वस्तीच्या कडेने जावा, म्हणजे शाळेत जाणाऱ्या पोराला तो ओलांडावा लागणार नाही, दुकाने कोपऱ्यांवर, आणि दहावा हिस्सा जागा मोकळी. हा मनुष्य स्वतः फॉरेस्ट हिल्स गार्डन्स नावाच्या अशाच एका उपनगरात राहत होता, म्हणजे त्याने तरी जे लिहिले ते चालून पाहून लिहिले. अलीकडे पॅरिसमध्ये कार्लोस मोरेनो या प्राध्यापकाने पंधरा मिनिटांच्या शहराची कल्पना मांडली आणि २०२० साली तिथल्या महापौर ॲन हिदाल्गो यांनी ती निवडणुकीत उचलून धरली. पायी किंवा सायकलवर पंधरा मिनिटांत शाळा, दवाखाना, बाजार, काम, करमणूक. पाहा, इथे कर्ता आहे. मिनिटे कोणाची हे सांगितलेले आहे. मी हे सारे आईला वाचून दाखवले तेव्हा ती डाळ निवडत होती. ती म्हणाली, ‘त्यात काय? गिरणी कुठं ठेवलीय त्यांनी?’

पेरीने गिरणी कुठेच ठेवलेली नाही, आणि मला वाटते मराठवाड्याच्या दृष्टीने त्याच्या शास्त्रात हाच एक मोठा दोष आहे. आम्ही ज्वारी खाणारी माणसे. गव्हाचे पीठ पोत्याने आणून ठेवा, महिनाभर पोळ्या लाटा. ज्वारीचे तसे नाही. पीठ जुने झाले की त्याची विरी जाते. मग भाकरी थापताना कडेने चिरते, परातीतून उचलावी तर हातात तुकडे येतात. म्हणून ज्वारी थोडी थोडी आणि वरचेवर दळावी लागते. आमची आई चौथ्या दिवशी गिरणीत जाते. तीन किलोंचाच डबा नेते, कारण त्याहून जड तिला पेलत नाही. डब्यावर लाल रंगाने वडिलांचे नाव घातलेले आहे. १९८८ साली घर बांधले तेव्हाचे ते अक्षर. वडील २०१६ साली गेले. नाव अजून गिरणीला जाते.

आमच्या फाटकापासून किराणा दुकान एकशे तीस पावले, गिरणी तीनशे दहा, मारुती चारशे, आणि प्राथमिक शाळा साडेपाचशे. पावले मी स्वतः मोजली आहेत. प्राध्यापकांना फार रिकामा वेळ असतो म्हणणाऱ्यांनी हा पुरावा खुशाल वापरावा. आता तीनशे दहा पावलांना किती वेळ लागावा? मला चार मिनिटे लागतात. आईला एक तास. त्यात गुडघ्याचा वाटा फार थोडा. फाटकातून ती बाहेर पडते तोच समोरच्या काकूंनी वाळत घातलेल्या कुरडयांवरून कावळा हाकलावा लागतो. इस्त्रीवाल्याच्या नातवाचा ताप उतरला का ते विचारायचे असते. शिलाईवाल्या बाईंकडे गेल्या आठवड्यात टाकलेल्या ब्लाउजची चौकशी असते. तो तयार नसतो, आणि तो तयार नसल्याचे कारण सविस्तर ऐकायचे असते. पेन्शनर मंडळी कट्ट्यावर वर्तमानपत्राची पाने वाटून घेऊन बसलेली असतात. त्यांतल्या कोणाकडून तरी आजच्या बातम्या समजतात. गिरणीत चाचा डबा घेतात, वजन न करताच पैसे सांगतात, आणि दळण होईपर्यंत बायकांचा जो बाक आहे त्यावर वसाहतीचे खरे कामकाज चालते. कोणाच्या मुलीला स्थळ आले, कोणाच्या सुनेला दिवस गेले, कोणाच्या घरी कालपासून स्वयंपाकाचा वास नाही, हे सारे तिथे पिठाबरोबर बारीक होऊन बाहेर पडते.

वडील गेल्यानंतर आईने दोन-अडीच महिने घराचे फाटक ओलांडले नव्हते. आम्ही पुष्कळ समजावले. देवळात चल म्हटले, माझ्या बहिणीकडे चल म्हटले. ती बसून होती. दळण मीच आणीत होतो. एके दिवशी चाचांनी माझ्या हातात डबा दिलाच नाही. म्हणाले, ‘सर, बाईंना म्हणावं, जवारीत खडे निघायलेत, स्वतः येऊन पाहा.’ आईने रागारागाने चपला घातल्या. तिने निवडलेल्या ज्वारीत खडा निघाला हा आरोप तिला जिव्हारी लागला. खडा एकही नव्हता.

पुरुषाला घराबाहेर पडायला कारण लागत नाही. तो सदरा अडकवतो आणि निघतो; विचारले तर ‘आलोच’ म्हणतो. आईच्या पिढीतल्या बाईला कारण लागते. भाजी, दळण, देवदर्शन, नातवाची शाळा. हातात डबा असला की तिला कोणी विचारीत नाही. पायी गाठता येणारी गिरणी म्हणजे तिच्या बाहेर पडण्याचा परवाना, आणि तोही कोणाकडे न मागता मिळालेला. ‘स्वतःच्या पायावर उभे राहणे’ याचा अर्थ आपण पगार मिळवणे असा लावतो. माझ्या आईला पगार नाही, बँकेचे काम मी करतो, दवाखान्यात सून नेते. पण तीनशे दहा पावलांच्या आत ती कोणाची आश्रित नाही.

वर्गात शिकवताना मला एक गोष्ट नेहमी जाणवते. दूरच्या चालण्याला मराठी साहित्यात फार मान आहे. वारी आहे, तीर्थाटन आहे. आमच्याच जिल्ह्यातल्या जांबेत जन्मलेले समर्थ रामदास परंपरेप्रमाणे बोहल्यावरून निघाले ते पायी नाशिक गाठून थांबले, आणि पुढे सारा हिंदुस्थान हिंडले. महानुभावांची ‘स्थानपोथी’ तर चालणाऱ्यांसाठीच लिहिली आहे. चक्रधरस्वामी कुठे राहिले, कुठे बसले, ते ठिकाण कोणत्या दाराच्या कोणत्या दिशेला, इतक्या बारकाव्याने ती वाट दाखवते. ती वाचताना मला पहिल्यांदा कळले की एखाद्या ओसरीचा, झाडाखालच्या बैठकीचा पत्ताही जपून ठेवण्याजोगा असतो. पण तीही पोथी थोरांच्या पावलांची. घरापासून गिरणीपर्यंत आणि गिरणीपासून घरापर्यंत जे चालणे आयुष्यभर चालते त्याची पोथी कोणी लिहिली नाही. बायकांनी थोडेफार ओव्यांत घातले, तेवढेच. रात्रीच्या चालण्याला मात्र भाषेने एक सुंदर शब्द दिला आहे : शतपावली. आमच्या मोकळ्या जागेभोवती रात्री साडेनऊला निम्मी वसाहत फिरत असते. शंभर पावले कोणी मोजीत नाही. पावले संपतात ती बोलणे संपल्यावर.

हे वाचून कोणाला वाटेल की आमची वसाहत म्हणजे गोकुळ. तसे समजू नका. पायी चालणारा माणूस सर्वांना दिसतो आणि सर्वांच्या तावडीत सापडतो. मोटारीतल्या माणसाला ‘काय सर, आज उशीर?’ असे कोणी विचारीत नाही. मला कॉलेजला जाताना अठरा मिनिटे लागतात आणि त्या अठरा मिनिटांत याचे उत्तर सहा वेळा द्यावे लागते. पुरुषाला हा त्रास विनोदाने घेता येतो. मुलींचे तसे नाही. शेजारची एक मुलगी बारावीला असताना तिच्याबरोबर एक वर्गमित्र फाटकापर्यंत चालत आला, तर ती घरात पोचायच्या आधी बातमी पोचली होती. जे डोळे चोरावर पहारा ठेवतात तेच तिच्यावरही होते. अमेरिकेच्या जेन जेकब्स बाईंनी १९६१ साली रस्त्यावरच्या या डोळ्यांचे मोठे गुण गायिले आहेत, आणि त्यात तथ्य आहे. पण त्यांनी आमच्या गिरणीच्या बाकावर एक सकाळ काढायला हवी होती.

आणि चालण्याची हौस कोणाला? आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी नदीपलीकडून येतात. जाऊन-येऊन सहा किलोमीटर. मे महिन्यात डांबर चपलेला चिकटते, तेव्हा त्या येतात. त्यांना ‘पायी चालण्याजोगी वस्ती’ ही काय चीज आहे ते मी समजावू लागलो तर त्या कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहतील. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुली गावापासून फाट्यापर्यंत तीन-चार किलोमीटर चालून एस. टी. पकडतात. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एस. टी.चे भाडे निम्मे झाले, त्याचा त्यांना मोठा आधार झाला. पण फाट्यापर्यंतच्या वाटेला कोणी सवलत दिलेली नाही. ही पायपीट आणि माझ्या आईची गिरणीची फेरी या दोन्हींना आपण ‘चालणे’ हा एकच शब्द वापरतो, ही भाषेची गरिबी म्हणावी लागेल.

तरीही या वसाहतीचे मोल मला पुरते कळले ते २०१३ सालच्या उन्हाळ्यात. आदल्या वर्षी पाऊस गेला होता. निजामाच्या काळात बांधलेला घाणेवाडीचा तलाव आटला, नळ केव्हाच थंडावले, आणि सारा जालना टँकरच्या तोंडाकडे पाहू लागला. आमच्याकडे टँकर मोकळ्या जागेशेजारी येऊन उभा राही. कधी दुपारी दोनला, कधी रात्री बाराला. पहिल्या दिवशी भांडणे झाली. हंडे आपटले, एका प्रतिष्ठित गृहस्थाने दुसऱ्या प्रतिष्ठित गृहस्थाची कॉलर धरली. तिसऱ्या दिवशी गिरणीच्या भिंतीवर खडूने घरांची यादी लागली : माणसे किती, म्हातारी किती, तान्ही मुले किती. ती यादी कोणाला घरोघर जाऊन करावी लागली नाही. बाकावरच्या बायकांना ती तोंडपाठ होती. कोणाच्या घरी बाळंतीण आहे, कोण एकटा आहे, कोणाच्या वडिलांना दोन मजले चढून पाणी नेता येणार नाही, हे त्यांनी इतकी वर्षे चालता चालता जमवून ठेवले होते. ज्या चौकशीखोरपणाला मी वर नावे ठेवली त्याचेच ते व्याज. रात्री बाराला टँकर आला की कोणी तरी फक्त हाक मारायचा. एवढी हाक पुरत असे.

त्यानंतरच्या काळात मात्र हे अंतर हळूहळू वाढत गेले आहे. पावले तेवढीच, वाट बदलली. घरोघर मोटारी आल्या. त्यांना घरात जागा नाही, म्हणून त्या रस्त्यावर झोपतात. नऊ मीटरचा रस्ता रात्री चार मीटरचा होतो. पदपथ आमच्याकडे कधीच नव्हता. आम्ही रस्त्याच्या कडेने चालत होतो, आता कडही गेली. प्राथमिक शाळेत दर वर्षी पोरे कमी होत आहेत, कारण सकाळी सातला पिवळ्या गाड्या येऊन त्यांना बाह्यवळणावरच्या शाळांकडे घेऊन जातात. ज्या पोराची शाळा साडेपाचशे पावलांवर आहे ते पोर तीन तिठे फिरून पन्नास मिनिटे गाडीत बसते. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा आमच्या बाजूचा टप्पा सुरू झाला, २०२३ साली नगरपालिकेची महानगरपालिका झाली, त्याच वर्षाच्या ३० डिसेंबरला जालन्याहून मुंबईला वंदे भारत गाडी निघाली. मुंबई जवळ आली, नागपूर जवळ आले. मी याला वाईट म्हणत नाही. वंदे भारतने मीही जाऊन आलो आणि गाडीतला उपमा खाल्ला. पण मुंबई जवळ येत असताना गिरणी लांब जावी, याचे मला नवल वाटते.

गेल्या मार्गशीर्षात आई पडली. रस्त्यावर सिमेंटचा नवा थर देताना तो जुन्या थरावरच चढवला होता. कड वीतभर उंच झाली होती, आणि गिरणीकडच्या वळणावरचा दिवा बरेच महिने बंद होता. डबा हातातून सुटला, पीठ सांडले, गुडघा सुजला. हाड मोडले नाही हे नशीब. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितले, ‘आजी, चालणं बंद करू नका, पण पडू नका.’ इतका उत्तम सल्ला फी देऊनच मिळतो.

त्या रात्री बायको म्हणाली, ‘आता पुरे झालं. आपण ती बाह्यवळणावरची जागा बघूया.’ माझी बायको बँकेत नोकरी करते, रोज स्कूटरवरून जाते-येते, संध्याकाळी घरी आल्यावर नळाला पाणी आहे की नाही हे तिलाच आधी पाहावे लागते. तिच्या बोलण्याला उत्तर देणे सोपे नव्हते. तिथे चोवीस तास पाणी. उद्वाहन. फाटकावर पहारेकरी. आत बाग, बागेत चालण्यासाठी रबराची पायवाट. तिथे खड्डा नाही, कुत्रे नाही, मोटार नाही. ‘तुम्हाला इथलं चालणं आवडतं,’ ती म्हणाली, ‘कारण तुम्हाला भाजीची पिशवी घेऊन चालावं लागत नाही.’ हे शंभर टक्के खरे नव्हते, पण पासापुरते गुण मिळण्याइतके खरे होते.

आम्ही जागा पाहायला गेलो. आईलाही नेले. सहावा मजला, मोठ्या खिडक्या, लांबवर हिरवी शेते. विक्रीसाठी नेमलेला तरुण फार नम्र होता. आई सगळ्या खोल्यांतून फिरली, नळ सोडून पाहिला, देवघराची जागा तिला आवडली. मग तिने विचारले, ‘गिरणी कुठं आहे?’ तो म्हणाला, ‘आजी, आता गिरणीत कशाला जायचं? फोनवर सांगितलं की पिशवीतलं पीठ दारात येतं.’ आई म्हणाली, ‘बाळा, त्याची एक भाकरी थापून दाखव मला.’ तो हसला. ती हसली नाही. येताना तिने मोटारीत आणखी एकच प्रश्न विचारला : ‘त्या बागेतल्या वाटेवरून चालत कुठं जायचं असतं?’ मी म्हटले, ‘कुठंच नाही. गोल आहे ती.’

माझ्या एका सहकाऱ्याची आई अशाच एका इमारतीत राहते. घर सुरेख आहे, सून प्रेमळ आहे. म्हातारी बाल्कनीत बसून रस्त्यावरच्या गाड्या मोजते. मी गेलो की ती मला बसवून घेते आणि जुन्या जालन्यातल्या तिच्या गल्लीतली घरे एका टोकापासून सांगत सुटते. चुकली की पुन्हा पहिल्या घरापासून सुरू करते. हे मी बायकोला सांगितले नव्हते. तिला ते ठाऊक होते. त्या घरी ती माझ्याइतकीच गेली आहे.

उन्हाळाभर आमच्याकडे हा विषय निघे आणि बाजूला पडे. घराला एक गिऱ्हाईकही आले. त्याला घर नको होते, जागा हवी होती, आणि अंगणातला पेरू तोडावा लागेल का एवढेच त्याने विचारले. आई या काळात एक शब्द बोलली नाही. गुडघ्याला पट्टा बांधून ती पुन्हा गिरणीला जाऊ लागली. फरक इतकाच, की आता ती दिवसाउजेडी जाते आणि डबा दोन किलोंचा झाला आहे. वळणावर इस्त्रीवाला तो हातात घेतो आणि कड ओलांडून दिली की परत देतो. हे त्याला कोणी सांगितलेले नाही.

श्रावण संपता संपता एका रात्री शतपावली करताना बायकोनेच निकाल दिला. ‘घर विकायचं नाही,’ ती म्हणाली. ‘पण माझ्या अटी आहेत. जमिनीतली टाकी दुप्पट मोठी करायची. भाजी तुम्ही आणायची, नुसतं चालायचं नाही. त्या कडेला उतार आणि वळणावर दिवा झालाच पाहिजे; त्याचा अर्ज तुम्ही लिहायचा, आणि बाकावरच्या सगळ्या बायकांच्या सह्या मी घेईन.’

टाकीचे काम गणपतीत झाले. अर्ज मी दोन दिवस बसून लिहिला. बायकोने तो वाचला, त्यातली सात विशेषणे आणि ‘कुंडलिकेच्या तीरावरील या प्राचीन नगरीत’ हा सगळा तुकडा खोडला, आणि उरलेल्या चार ओळी स्वच्छ लिहून काढल्या. एकशे बारा सह्या झाल्या. त्यांत आठ अंगठे आहेत, आणि एक सही चाचांची. संबंधित कार्यालयाची पोच माझ्याकडे आहे. उतार झाला, सिमेंट अजून ओले दिसते. दिवा व्हायचा आहे. दिवाळीच्या भाजणीसाठी गिरणीत एक दिवस राखून ठेवतात, त्या दिवशी दुसरे काही दळत नाहीत, नाहीतर चकलीला भलताच वास लागतो. या वर्षी तो दिवस वसुबारसेच्या आदल्या दिवशी आहे, आणि आईने नंबर लावून ठेवला आहे. तिसरा.